उपास-प्रार्थनेची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाचा पहिला दिवस, आठ-दहा दिवसांवर आला की माझा फोन वाजायला लागतो. आमच्या मंडळीतल्या बहिणींच्या उपास-प्रार्थनेची व्यवस्था अनेक वर्षं माझ्याकडे आहे. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. मी प्रोटेस्टंट घरात वाढले आणि माझी धाकटी जाऊ वसईच्या कॅथलिक घरातली, त्यामुळे दोन्हीकडची रीत मी घरातच पाहते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. वचनांचे संदर्भ दिलेत, ते स्वतः बायबल उघडून वाचा.

१. ख्रिस्ती माणसाने उपास केलाच पाहिजे का? येशूने तशी आज्ञा दिली आहे का?

अमुक दिवशी उपास करा, अशी आज्ञा नव्या करारात नाही. जुन्या करारातही मोशेच्या नियमशास्त्रात वर्षाचा एकच ठरलेला उपास होता, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा (लेवीय १६). पण डोंगरावरच्या प्रवचनात येशू दान, प्रार्थना आणि उपास ही तिन्ही एकापाठोपाठ घेतो आणि तिन्हींबद्दल "तुम्ही जेव्हा कराल तेव्हा" अशा भाषेत बोलतो (मत्तय ६). शिष्य हे करतीलच, असं त्याने धरलेलं आहे. पुढे मत्तय ९ मध्ये तो म्हणतो, की वर सोबत आहे तोवर वऱ्हाडी शोक कसा करतील? वर त्यांच्यापासून काढून घेतला जाईल, तेव्हा ते उपास करतील. आणि पहिल्या मंडळीने तो केला. अंत्युखियातल्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांना पाठवलं ते उपास आणि प्रार्थना करून (प्रेषितांची कृत्ये १३).

उपास न करणारा कमी ख्रिस्ती ठरत नाही. प्रभूने जे धरून चाललं ते मी आयुष्यात एकदाही करून पाहिलं नाही, असं मात्र होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. कॅथलिकांसाठी वर्षातले दोन दिवस बंधनकारक आहेत, ते प्रश्न ६ मध्ये.

२. उपासाची तयारी म्हणजे नेमकं काय करायचं? आदल्या दिवशी काय खावं?

खाण्याचं शेवटी सांगते, कारण तयारीतला तो सगळ्यात छोटा भाग आहे.

आधी उपास कशासाठी, ते एका ओळीत कागदावर लिहा. "देवा, आशीर्वाद दे" एवढ्यावर दिवस निघत नाही, दुपारी दोन वाजता पोटात कालवाकालव झाली की तेवढं कारण पुरत नाही. एज्राने अहवा नदीवर उपास जाहीर केला, तेव्हा मागणं स्पष्ट होतं : आमचा, आमच्या लेकराबाळांचा आणि सामानाचा प्रवास सुखरूप होवो (एज्रा ८). मुलाची दारू सुटावी, जमिनीचा वाद मिटावा, माझ्या मनातला राग जावा, असं काही नाव घेऊन मागता येण्यासारखं लिहा. काही मागायचं नसेल आणि नुसतं देवाजवळ बसायचं असेल, तर तेच लिहा. हेही कारणच आहे.

मग आपलं कुणाशी बिनसलं आहे का, ते पाहा. यशयाचा ५८ वा अध्याय आदल्या रात्री घरात मोठ्याने वाचावा. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला आणि तू पाहिलं का नाहीस? उत्तर मिळतं, की तुम्ही उपासाच्या दिवशी आपला मतलब साधता, कामकऱ्यांना राबवून घेता, भांडता आणि मारामारी करता. या अध्यायाने माझे अनेक उपास सुरू होण्याआधीच मला अडवलं आहे. एकदा धुणंभांड्याला येणाऱ्या बाईंचे आधीच्या महिन्याचे पैसे माझ्याकडून राहून गेले होते. रात्री नऊ वाजता त्यांच्या घरी जाऊन ते देऊन आले, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी गुडघे टेकायला मन धजलं. ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे त्याला फोन करा. त्याने उचलला नाही, तर तुम्ही केलात एवढं पुरे.

मग वाचलेलं जेवण कुठे जाणार, ते ठरवा. माझी आई शुक्रवारच्या उपासाच्या आदल्या रात्री तिच्या वाटच्या दोन भाकरींचं ज्वारीचं पीठ वेगळ्या पत्र्याच्या डब्यात काढायची. पिठाचा हात परातीवर झटकून, झाकण दाबताना ज्याच्यासाठी उपास आहे त्याचं नाव मोठ्याने घ्यायची. सकाळी शाळेत जाताना तो डबा गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंकडे पोचवायचं काम माझं. रिकामा डबा संध्याकाळी परत यायचा आणि त्यात कधी चार चिंचा, कधी कढीपत्त्याची डहाळी असायची. उपास म्हणजे काय, ते मी त्या डब्यावरून शिकले.

आता खाणं. चहा-कॉफीची सवय असेल तर तीन-चार दिवस आधीपासून एकेक कप कमी करा. एकदम बंद केली की डोकं ठणकतं, आणि लोकांना वाटतं उपासाने ठणकतंय. आदल्या दिवशी पाणी नीट प्या. रात्रीचं जेवण नेहमीसारखं, थोडं हलकंच असू द्या : वरण-भात, भाजी-भाकरी. उद्या उपास म्हणून आज दाबून जेवू नका. फार तिखट आणि खारट नको, रात्रभर तहान लागते.

३. उपास किती प्रकारचे असतात? मी पहिल्यांदाच करते आहे, कोणता करू?

बायबलमध्ये साधारण तीन तऱ्हा दिसतात. एक, अन्न पूर्ण वर्ज्य आणि पाणी चालू. दोन, अन्नपाणी दोन्ही वर्ज्य, म्हणजे निर्जळी. एस्तेरने शूशनमधल्या यहुद्यांना तीन दिवस आणि तीन रात्री असा उपास करायला सांगितलं (एस्तेर ४), पण ते साऱ्या जातीच्या जिवावर बेतलेलं संकट होतं, दर महिन्याची रीत नव्हती. तीन, काही पदार्थ सोडणं. दानीएलाने एकदा दहा दिवस नुसत्या शाकान्नावर आणि पाण्यावर काढले (दानीएल १), आणि दुसऱ्यांदा तीन आठवडे चमचमीत अन्न, मांस, द्राक्षारस आणि अंगाला तेल लावणं सोडलं (दानीएल १०).

पहिल्यांदा करणाऱ्यांना मी एकच वेळचं जेवण सोडायला सांगते. सकाळचा नाश्ता करा, दुपारचं जेवण सोडा, संध्याकाळी सहाला सोडवा. ते जमलं की सूर्यास्तापर्यंतचा पूर्ण दिवस. निर्जळी करू नका, महाराष्ट्राच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तर मुळीच नको.

४. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू चालतात का?

बहुतेक फोन याच प्रश्नाचे असतात, आणि त्यात नवल नाही. आपण ज्या गावा-घरांत वाढलो तिथे "उपासाचे पदार्थ" ही स्वयंपाकघरातली एक वेगळी फळीच असते. ख्रिस्ती उपासात अशी यादी नाही. अमुक धान्य उपासाला चालतं आणि तमुक चालत नाही, असं आपल्या शास्त्रात कुठेही म्हटलेलं नाही. तेव्हा साबुदाणा खाल्ला म्हणून पाप लागत नाही, आणि साबुदाणा खाऊन उपास घडला असंही होत नाही. पूर्ण उपास धरला असेल तर खिचडी हेही जेवणच.

शेंगदाण्याचं कूट घातलेली तुपातली बशीभर खिचडी, वर दही, संध्याकाळी बटाट्याचा कीस : एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्यालाही लागू पडते. तब्येतीमुळे काही खाणं भाग असेल तर साधं खा. दोन केळी, ताक, एक भाकरी. आणि शेजारच्या वहिनींनी त्यांच्या एकादशीची खिचडी प्रेमाने आणून दिली, तर नाक मुरडू नका. उपास नसेल तर खा, असेल तर आभार मानून घ्या आणि घरच्यांना द्या.

५. शुक्रवारच का? दुसऱ्या वारी केला तर चालतो का?

चालतो. शुक्रवार प्रभूच्या वधस्तंभाचा दिवस म्हणून मानला जातो. येशूच्या काळातले परूशी आठवड्यातून दोनदा उपास करायचे (लूक १८), आणि ते दिवस सोमवार आणि गुरुवार होते. प्रेषितांची शिकवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फार जुन्या ख्रिस्ती ग्रंथात विश्वासणाऱ्यांना बुधवार आणि शुक्रवार धरायला सांगितलं आहे. म्हणजे शुक्रवारची रीत मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली. पण कारखान्यात तुमची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असेल आणि त्याच दिवशी शांतपणे बसता येत असेल, तर मंगळवार धरा.

६. आम्ही कॅथलिक आहोत. आमच्यासाठी नेमका नियम काय आहे? मासे चालतात ते कसे?

बंधनकारक उपासाचे दिवस दोन : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वयाची १८ वर्षं पूर्ण झालेल्यांपासून ५९ पूर्ण होईपर्यंत हा नियम लागू. त्या दिवशी एकच पोटभर जेवण, आणि लागलंच तर दोन वेळा थोडं खाणं, पण ही दोन मिळून एका जेवणाएवढी होता कामा नयेत. मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम वेगळा : तो १४ वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, वरच्या वयाची मर्यादा नाही, आणि तो या दोन दिवसांना तसाच शुक्रवारांनाही आहे. शुक्रवारी मांसाऐवजी दुसरं प्रायश्चित्त चालेल का, हे त्या त्या देशाची बिशप-परिषद ठरवते, म्हणून आपल्या धर्मग्रामात फादर वाचून दाखवतात ते परिपत्रक नीट ऐका. आजारी माणसांना या नियमांतून सूट आहे.

मासे : चर्चच्या नियमात "मांस" म्हणजे जमिनीवरच्या प्राण्यांचं आणि पक्ष्यांचं. मासे, अंडी, दूध त्यात येत नाहीत. त्यामुळे वसईच्या किनाऱ्यावर शुक्रवारी सुक्या बोंबलाचं कालवण झालं तर नियम मोडत नाही. पण माझ्या जावेच्या आई उपासकाळात पापलेट घरात आणू द्यायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं, मटणापेक्षा महाग मासळी आणून मटण सोडलं म्हणायचं, हे प्रभूपुढे कसं सांगणार? मला ते पूर्ण पटतं.

७. उपासकाळाचे ४० दिवस कसे मोजायचे? माझे ४६ भरतात.

तुमची मोजणी बरोबर आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात, त्यातले ६ रविवार वजा केले की ४०. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास धरत नाहीत. ही मोजणी पश्चिमी परंपरेच्या मंडळ्यांची. ईस्टर दर वर्षी सरकतो, त्यामुळे राखेचा बुधवार फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून १० मार्चपर्यंत कधीही येऊ शकतो.

८. मग रविवारी सोडलेलं खाल्लं तर चालेल? गोड सोडलं आहे.

चालेल. पण सहा दिवस धरलेलं सातव्या दिवशी भरून काढायचं नाही. काही जणांना रविवारी पुन्हा सुरू केलं की सोमवारी आवरत नाही. तुमचं तसं असेल, तर सरळ ईस्टरपर्यंत सोडा.

९. कामावर असताना प्रार्थना कशी करायची? दिवसभर गुडघ्यावर बसणं शक्य नाही.

जेवणाच्या वेळा मोकळ्या झाल्या आहेत, त्याच प्रार्थनेच्या वेळा. नवं वेळापत्रक शोधायला लागत नाही. सकाळच्या चहा-नाश्त्याची पंधरा मिनिटं, दुपारच्या डब्याचा अर्धा तास, संध्याकाळी सोडवण्याआधीची वीस मिनिटं. दुपारी सगळे डबे उघडतात तेव्हा तिथे बसू नका, वासाने जीव कासावीस होतो. गच्ची, जिना, उभी असलेली गाडी, कुठेही जा.

प्रत्येक वेळी काय करायचं, ते आदल्या रात्रीच ठरवा, नाहीतर डोळे मिटल्यावर दुपारची मीटिंग आठवते. मी असं करते. सकाळी ५१ वं स्तोत्र, सावकाश, थांबत, माझी पापं नाव घेऊन कबूल करत. दुपारी नहेम्याचा पहिला अध्याय. यरुशलेमेचा कोट मोडला आहे हे कळल्यावर नहेम्या बसून रडला आणि उपास करून प्रार्थना करत राहिला. त्याच्या प्रार्थनेचा क्रम बघा : आधी देव कोण आहे ते, मग पापाची कबुली आणि तीत "मी आणि माझ्या बापाचं घराणं" हे शब्द, मग देवाच्या वचनाची आठवण, आणि मागणं अगदी शेवटी, एका ओळीत. आपण मागण्यापासून सुरुवात करतो. संध्याकाळी मागणं नाही, फक्त आभार, आणि गीतपुस्तकातलं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद.

अधल्यामधल्या वेळेसाठी खिशात एक चिठ्ठी ठेवा, तिच्यावर पाच-सात नावं. भूक लागली की एक नाव. लोकलमध्ये उभं राहून, फाइल शोधताना, भांडी घासताना. भुकेची कळ हीच घंटा समजा. दिवसाअखेर माझी चिठ्ठी घामाने मऊ झालेली असते.

१०. उपासात माझी फार चिडचिड होते. मुलांवर ओरडते आणि मग वाटतं, काय उपयोग?

उपयोग हाच, की ती चिडचिड दिसली. एरवी ती चहा-बिस्किटाखाली दबलेली असते. त्याच क्षणी मुलाला जवळ घेऊन "चुकलं माझं" म्हणा आणि पुढच्या प्रार्थनेच्या वेळी तेच देवापुढे ठेवा. दर वेळी असं होत असेल तर उपास लहान करा (प्रश्न ३), आणि चहा आधी कमी केला होता का, ते तपासा.

११. उपास गुप्त ठेवायचा असं मत्तय ६ मध्ये आहे. मग कुणी विचारलं तर खोटं बोलायचं का? घरच्यांना सांगायचं की नाही?

खोटं बोलायचं नाही. येशूने जे नाकारलं ते दाखवणं, म्हणजे चेहरा पाडून हिंडणं, लोकांना कळावं म्हणून कळवणं. तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, असं तो म्हणाला. आपल्या भाषेत, नीट वेणी-फणी करून, इस्त्रीचे कपडे घालून कामाला जा. ऑफिसात केक कापला तर "आज नको, घरी नेते" एवढं पुरतं. खोदून विचारलं तर "आज माझा उपास आहे" म्हणा आणि विषय बदला.

घरच्यांना मात्र आधी सांगा. स्वयंपाक करणाऱ्याला आयत्या वेळी "मला नको" म्हणणं हा तिच्या कष्टांचा अपमान आहे. घरात इतर धर्माची माणसं असतील, सासर हिंदू असेल, तर त्यांना उपास नवीन नाही. तुम्ही फराळ का करत नाही एवढंच त्यांना वेगळं वाटेल, ते प्रेमाने सांगा. पती-पत्नींपैकी एकच उपासाला बसणार असेल आणि त्या काळात एकमेकांपासून वेगळं राहायचं असेल, तर ते दोघांच्या संमतीने आणि थोड्या काळापुरतंच, असं पौलाने स्पष्ट लिहिलं आहे (१ करिंथ ७).

१२. मला मधुमेह आहे. विश्वासाने उपास केला तर देव सांभाळणार नाही का?

हे उत्तर मी काळजीने लिहिते आहे. आमच्या गटात एक मावशी होत्या, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या. कुणाला न सांगता त्यांनी सकाळी गोळी घेतली आणि उपासाला बसल्या. अकराच्या सुमारास गाणं चालू असताना त्यांच्या हातातलं पुस्तक थरथरायला लागलं. आम्हाला वाटलं, भरून आलं असेल. मग बघितलं तर कपाळावर घामाचे थेंब, ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि बोलणं असंबद्ध. साखर घातलेलं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी त्या भानावर आल्या. तेव्हापासून मी बैठकीआधी प्रत्येकीला औषधांबद्दल विचारते.

इन्सुलिन आणि काही जुन्या गोळ्या पोट रिकामं असेल तर साखर धोकादायक खाली आणतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांवर उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल वाढण्याचा वेगळाच धोका असतो, आणि त्यात साखर फार वाढलेली दिसतेच असं नाही. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नाही, आणि मनाने गोळी बंद करणंही नाही. साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. त्या दिवशीचा उपास तिथेच संपला.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले, नुकतं ऑपरेशन झालेले, आणि ज्यांचं जेवणाशीच बिनसलेलं आहे, म्हणजे वजनाच्या भीतीने उपाशी राहतात असे, या सगळ्यांनी अन्नाचा उपास करू नये. त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न आहे. देव सांभाळतो, हे खरंच. पण मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं येशूला सांगणारा कोण होता, ते मत्तय ४ मध्ये वाचा. आणि ते त्याच्या चाळीस दिवसांच्या उपासानंतरच घडलं आहे.

१३. अन्नाचा उपास करता येत नसेल तर? मोबाइलचा उपास चालतो का? लहान मुलांनी काय करायचं?

बायबलमध्ये उपास म्हणजे अन्नाचाच, त्यामुळे मोबाइल बंद ठेवण्याला मी त्याग म्हणेन. पण तो खरा त्याग आहे, आणि वाचलेले दोन तास प्रार्थनेला गेले तर त्याचं मोल कमी नाही. आजारी माणसाने गोडधोड, मालिका, चमचमीत पदार्थ असं काही सोडावं आणि औषध वेळेवर घ्यावं.

मुलांना उपाशी ठेवू नका. त्यांना चॉकलेटचे, भेळेचे पैसे डब्यात टाकू द्या, आणि ईस्टरला ते कुणाला द्यायचे, ते त्यांनाच ठरवू द्या.

१४. प्रभुभोजनाआधी काही खाल्लं तर चालतं का?

कॅथलिकांमध्ये कम्युनियनच्या आधी निदान एक तास अन्न-पेय वर्ज्य, पाणी आणि औषध चालतं. वयस्क, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना तेही बंधन नाही. पूर्वी मध्यरात्रीपासून काही घ्यायचं नसे. १९५७ मध्ये ते तीन तासांवर आलं आणि १९६४ मध्ये एका तासावर. म्हणून तुमच्या आजी सकाळी चहालाही शिवत नसतील तर त्या चुकत नाहीत, त्या लहानपणची रीत पाळताहेत. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा नियम नाही, पण अनेक घरांत प्रभुभोजनाच्या रविवारी उपाशीपोटी जातात.

१५. सगळ्यांनी मिळून उपास-प्रार्थना ठेवायची आहे. साखळी उपास कसा करतात?

आठवड्याचे सात दिवस सात घरांनी वाटून घ्यायचे, म्हणजे साखळी. विषय एकच, आणि रोज संध्याकाळी आजच्या घराने उद्याच्या घराला फोन करून वचन द्यायचं. गट लहान असेल तर असं उत्तम चालतं. मोठ्या बैठकीत मुख्य अडचण विनंत्यांची असते. त्या आधी लेखी मागवा. बैठकीत तोंडी घेतल्या की अर्धा वेळ हकिकतींत जातो, आणि कुणाच्या घरातलं काय ते गावभर होतं. विनंती म्हणून आलेली गोष्ट खोलीबाहेर जाऊ देऊ नका.

नवीन बहिणींना मी केडगावच्या मुक्ती मिशनची गोष्ट सांगते. १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला येणाऱ्या स्वयंसेविका मागितल्या. सुरुवातीला सत्तर जणी होत्या. जूनमध्ये तिथे जागृती आली तोवर साडेपाचशे जणी रोज दोनदा जमत होत्या. त्यांच्यातल्या पुष्कळ जणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या, भूक म्हणजे काय ते अंगावर सोसलेल्या मुली होत्या. सत्तरांनी सुरुवात झाली होती. तुमच्याकडे चार असतील तर चारांनी सुरू करा.

१६. मला २१ दिवसांचा, पुढे ४० दिवसांचा उपास करायचा आहे. मार्गदर्शन करा.

अन्न पूर्ण बंद करून इतका लांब उपास फोनवर सांगितलेल्या मार्गदर्शनावर करू नका. लांब उपासानंतर एकदम जेवल्याने रक्तातले क्षार कोसळून माणूस दगावू शकतो, त्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नाहीच. सीनायवरचा मोशे, होरेबाकडे चाललेला एलीया आणि रानातला येशू, तिघांचे चाळीस दिवस ही त्यांना मिळालेली विशेष पाचारणं होती. तुम्हाला २१ दिवस धरायचेच असतील तर दानीएलाच्या दहाव्या अध्यायातला प्रकार धरा (प्रश्न ३), आणि पाळकांना आधी सांगा. कुणी "मी एवढे दिवस केले" असं सांगून तुम्हाला चढवत असेल, तर त्या स्पर्धेपासून दूर राहा.

१७. मार्क ९:२९ मध्ये "उपासावाचून" हा शब्द माझ्या बायबलमध्ये आहे, मैत्रिणीच्या बायबलमध्ये नाही. असं का?

सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी काहींत तिथे फक्त "प्रार्थना" आहे, नंतरच्या पुष्कळ हस्तलिखितांत "आणि उपास" आहे. म्हणून काही आवृत्त्या तो शब्द ठेवतात, काही कंसात घालतात, काही तळटीपेत देतात. मत्तय १७:२१ चंही तसंच. त्याने उपासाची शिकवण डळमळत नाही, कारण ती या एका वचनावर उभी नाही (प्रश्न १).

१८. उपासाच्या दिवशीच लग्न, बारसं किंवा पाहुणे आले तर?

वैयक्तिक उपास असेल तर पुढे ढकला. पाहुण्याला एकट्याला पानावर बसवू नका. कॅथलिकांसाठी एक सवलत नियमातच आहे : २५ मार्चच्या देवदूताच्या संदेशासारखा महोत्सव शुक्रवारी आला तर त्या दिवशी मांसाहाराचं बंधन नसतं. गुड फ्रायडेला ही सवलत नाही, आणि त्या दिवशी घरात समारंभ ठेवूही नये.

१९. उपास मध्येच मोडला. आता दोष लागेल का?

नाही. चुकून तोंडात काही टाकलं असेल तर पुढे चालू ठेवा. न राहवून जेवला असाल तर देवाला तसं सांगा आणि राहिलेला दिवस प्रार्थनेला द्या. "उद्या दोन दिवसांचा करतो" असा दंड स्वतःला लावू नका.

२०. उपास केला, प्रार्थना केली, तरी मागितलेलं मिळालं नाही. माझं काय चुकलं?

हा प्रश्न लोक रात्री उशिरा विचारतात, आणि मी घाईने उत्तर देत नाही.

उपास म्हणजे नवस नव्हे. मी इतके शुक्रवार करीन, तू एवढं दे, असा व्यवहार त्यात नाही. दावीदाचं मूल आजारी पडलं, तो सात दिवस जमिनीवर पडून राहिला, अन्नाला शिवला नाही. सातव्या दिवशी मूल गेलं. त्याला सांगायला चाकर घाबरत होते. त्याने त्यांची कुजबुज ऐकली, उठला, आंघोळ केली, कपडे बदलले, परमेश्वराच्या घरात जाऊन नमन केलं, आणि मग घरी येऊन जेवण मागितलं (२ शमुवेल १२). त्या उपासाने मूल वाचलं नाही. पण दावीद देवाच्या घरात जाऊ शकला.

माझा भाऊ अंथरुणावर होता तेव्हा आम्ही भावंडांनी आळीपाळीने उपास केले. तो गेला. त्या दिवसांत मी काय चुकले, याचा हिशेब मी पुष्कळ वर्षं मांडत होते. आता मला एवढंच आठवतं, की माझ्या उपासाच्या दिवशी मी त्याच्या उशाशी बसायचे, आणि तो विचारायचा, "आज तुझा वार का?" आणि माझा हात धरून ठेवायचा. त्या वेळी देव खोलीत होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. तुमचं काही चुकलं असेलच असं नाही. एकटे राहू नका, पाळकांशी किंवा फादरांशी बोला, आणि काही काळ उपास करावासा वाटला नाही तर करू नका.

२१. उपास कशाने सोडवायचा?

आधी पाणी, मग लिंबू-सरबत किंवा ताक. अर्ध्या तासाने मुगाच्या डाळीचं पातळ वरण आणि मऊ भात, किंवा तांदळाची पेज. वडे, भजी, रस्सा दुसऱ्या दिवशी. आमच्याकडे गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर भक्ती असते. ती सुटली की बरेच जण उपास सोडवतात. उन्हातून आलेल्या वयस्कांना आधी बसवा, घोट घोट पाणी द्या.

जेवायला बसण्याआधी आदल्या रात्रीचा कागद (प्रश्न २) काढा आणि त्याच्या मागे आजची तारीख आणि दिवसभरात जे सुचलं ते दोन ओळींत लिहा. त्यात "अमक्याला भेटायचं" असं काही आलं असेल, तर जेवण होताच त्याला फोन करा. बाजूला काढलेलं पीठ, डबा किंवा पैसे अजून घरात असतील, तर ते पोचवूनच पानावर बसा.